लेन्सचा फिल्टर घेताय? या चुका टाळा

इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत काढलेला एक फोटो मी मुद्दाम जपून ठेवलाय. गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढईवर, डावीकडे वर, उघडे बल्ब टांगलेले; आणि खाली उजवीकडे, गिऱ्हाइकाच्या काळ्या स्वेटरवर, तेवढेच हिरवट ठिपके. लेन्स बिघडली असं समजून मी ती दुरुस्तीला न्यायला निघालो होतो. मग सहज पुढचा स्वस्त यूव्ही (अतिनील किरण अडवणारा) फिल्टर काढला, तिथंच उभं राहून पुन्हा फोटो घेतला. ठिपके गेले.

फिल्टर म्हणजे लेन्सपुढे आणखी एक काच. साध्या काचेची प्रत्येक बाजू सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते, दोन्ही मिळून ८ टक्के. सेन्सरवरून आणि लेन्सवरून परतलेला उजेड या काचेवर आपटून पुन्हा आत शिरतो आणि ठिपके उमटतात. चांगलं मल्टिकोटिंग, म्हणजे काचेवरचे अनेक पातळ थर, हे प्रमाण बाजूमागे अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणतं. जादा पैसे मोजायचे ते यासाठी.

डबीवरच्या छपाईवर विश्वास

डबीवर ‘मल्टिकोटेड’ छापलेलं असलं तरी दुकानातच फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरका धरा. काचेत ट्यूब पांढरी लख्ख दिसली तर कोटिंग नाही. मंद, हिरवी किंवा जांभळट दिसली तर आहे. घरी आल्यावर दुसरी परीक्षा घ्या: ट्रायपॉड लावून २०० मिमीवर राजवाड्याचे झरोके एकदा फिल्टरसकट आणि एकदा फिल्टरशिवाय टिपा. काच सपाट नसेल तर लाकडावरचं कोरीवकाम फिल्टरच्या फोटोत मऊ पडलेलं दिसेल. असा फिल्टर परत करावा, वापरू नये.

यूव्ही फिल्टर कायम लावून ठेवणं

फिल्मच्या काळात त्याची गरज होती. डिजिटल कॅमेऱ्यात अतिनील किरण बहुतेक सेन्सरपुढेच अडतात, त्यामुळे आता त्याचं काम एकच, राखण. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, ते काम तो चोख करतो. टँकरमधून पाण्याचे फवारे, वरून गुलाल. अशा गर्दीत उघडी लेन्स घेऊन जाऊच नका. पण घरी आल्यावर काच लगेच फडक्यानं पुसायची नाही. आधी ब्लोअरनं गुलाल उडवा, मग मऊ ब्रश, फडकं सगळ्यात शेवटी. कोरडा रंग घासला की कोटिंगवर बारीक ओरखडे पडतात. आणि रात्रीच्या दिव्यांत फिल्टर उतरवून ठेवा.

मापाचा घोळ

५० मिमी लेन्सला ५० मिमीचा फिल्टर लागतो, हा समज फार जणांचा आहे. ती फोकल लेन्थ झाली, म्हणजे लेन्स दृश्य किती जवळ आणते त्याचं माप. फिल्टरचं माप लेन्सच्या कडेवर ø या खुणेपुढे असतं: ४९, ५२, ६७, ७७ वगैरे. लेन्स दोन-तीन असतील तर सर्वांत मोठ्या मापाचा एकच उत्तम फिल्टर घ्या, बाकीच्यांना स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी.

पोलरायझर कुठेही फिरवणं

पोलरायझर म्हणजे आभाळ गडद करणारा, फिरवता येणारा फिल्टर. सूर्य तुमच्या खांद्याच्या रेषेत असेल तेव्हा आभाळ सर्वांत गडद होतं. समोर किंवा पाठीमागे असेल तर जवळपास काहीच फरक पडत नाही. वाइड लेन्सवर मात्र कृष्णपुरा छत्र्यांमागचं आभाळ एका बाजूला काळपट निळं, दुसऱ्या बाजूला फिकट येतं. तिथे पोलरायझर नकोच. शिवाय तो एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून संध्याकाळी काढून ठेवावा.

एनडीत काटकसर

एनडी म्हणजे नुसता उजेड कमी करणारा काळपट फिल्टर. पावसाळ्यात पातालपाणीच्या धबधब्यावर पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून बरेच जण सर्वांत स्वस्त व्हेरिएबल, म्हणजे फिरवून कमी-जास्त होणारा, एनडी घेतात. तो मुळात दोन पोलरायझर एकावर एक. टोकापर्यंत फिरवला की फोटोभर काळी फुली उमटते. माझं मत, साधा एनडी ६४ घ्या. सहा स्टॉप, म्हणजे १/६० सेकंदाचं एक सेकंद होतं, धबधब्याला एवढं पुरतं. हलक्या प्रतीच्या काचेत हिरवी झाडी तपकिरी होते, तेव्हा एक फोटो फिल्टरशिवायही घेऊन ताडून पाहा. पाण्याच्या फार जवळ मात्र जाऊ नका, तिथं लोंढा अचानक येतो.

फिल्टर अडकला तर तो चिमटीत आवळू नका. रिंग दबून लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते. कडेभोवती रुंद रबरबँड गुंडाळा, तळहात सपाट टेकवून हलक्या दाबानं डावीकडे फिरवा. पितळी रिंगचे फिल्टर ॲल्युमिनियमपेक्षा कमी अडकतात.