फेअर ट्रेड फुलांचं दुकान टाकताय? या चुका टाळा

शेतकऱ्याकडून डायरेक्ट फुलं घेऊन त्याला नीट भाव देणारं दुकान काढायचंय असं हल्ली बरेच जण म्हणतात. कल्पना मस्तच आहे, पण पुण्यात तरी मी बघतोय की बोर्ड, इन्स्टा पेज, क्राफ्ट पेपर सगळं आधी तयार होतं आणि शेतकऱ्याशी हिशोब कसा करायचा हेच कोणी ठरवलेलं नसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खराब माल कोणाच्या माथी हे आधी न बोलणं. शेतकरी मार्केट यार्डात माल पाठवतो आणि हमाली, गाडीभाडं असा खर्च वजा होऊन पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती) हातात येईपर्यंत त्याला काय सुटणार ते कळत नाही, वैतागतो तो यालाच. आता तुम्ही गड्डीमागे पाच रुपये जास्त दिले पण संध्याकाळी "दादा, चार गड्ड्या काळ्या पडल्यात, पैसे कापतो" असा मेसेज टाकलात तर त्याच्यासाठी बदललं काय? म्हणून माल उतरतानाच त्याच्या माणसासमोर गड्ड्या उघडून बघा, नको असेल ती तिथेच परत करा, एकदा क्रेट आत गेला की पुढचं नुकसान तुमचं. आणि हे नुकसान विक्रीच्या भावात धरा. समजा डच गुलाबाची 20 फुलांची गड्डी 160 ला घेतली, वाटतं फूल 8 रुपयाला पडलं, पण त्यातली 4 फुलं गेली की तेच 10 ला पडतं आणि दुकानाचं भाडं, कागद, फ्रीजचं लाइट बिल अजून यायचंच आहे. हे न धरता 12 ला विकत बसलात की थोड्याच दिवसांत शेतकऱ्याचे पैसे थकायला लागतात, मग तो म्हणतो, यापेक्षा यार्डातला आडत्या (दलाल) बरा, अडीनडीला उचल तरी देतो. आणि खरंच देतो हो, त्यामुळे आठवड्याचा एक वार ठरवून पैसे खात्यावर टाकायचे म्हणजे टाकायचेच.

वर्षभर एकच फिक्स भाव ठरवणं ही दुसरी. पितृपक्षात मागणी पडते, दसऱ्याला झेंडू चढतो आणि कधी आवक इतकी होते की दसऱ्याच्या संध्याकाळी उरलेला ढीग रस्त्याकडेला टाकून लोक गावी निघून जातात. त्यापेक्षा एक किमान भाव लिहून ठेवा, बाजार त्याच्या वर गेला तर बाजारभाव, खाली गेला तरी किमान. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या साइटवर रोजचे भाव येतात, तोच आकडा दोघांनी मानायचा, वाद नको. मावळातल्या पॉलिहाउसवाल्यांचं गणित वेगळं असतं, ते डिसेंबरपासून झाडं व्हॅलेंटाइनसाठी तयार करतात आणि जानेवारीअखेर लाल गुलाब एक्स्पोर्टला जातो, तेव्हा ऐनवेळी फोन करून उपयोग नाही, आधीच अ‍ॅडव्हान्स देऊन ठेवा. पंचांगही बघत जा राव. 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन लग्नसराईतच डेकोरेशनच्या ऑर्डरी गायब.

बोर्डावर फेअरट्रेडचा लोगो छापू नका, ते आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेशन आहे, लायसन्स लागतं. त्याऐवजी गाव आणि शेतकऱ्याला दिलेला भाव पाटीवर लिहा (त्याला विचारून हं). ऑर्किड थायलंडचं असेल तर तेही सरळ सांगा.

आणि हार ओवणाऱ्या बायका! शेतकऱ्याला न्याय द्यायच्या नादात यांना सगळे विसरतात. हारामागे ठरलेले पैसे देता ना, मग आधी एक हार स्वतः ओवून बघा, किती वेळ लागतो, सुई किती टोचते, आणि त्यावरून रेट काढा. माल उशिरा आला आणि त्या दोन तास नुसत्या बसून राहिल्या तर त्या दोन तासांचेही पैसे द्यायचे.

आता रोजच्या कटकटी. गुलाबाने मान टाकली तर देठात हवा अडकलेली असते, पाण्याखाली देठ तिरका कापा, फुलं कागदात घट्ट गुंडाळून तास-दोन तास खोल पाण्यात उभी ठेवा, बऱ्याचदा मान वर येते. जरबेराचं मात्र उलट, देठाला लव असते, जास्त पाण्यात सडतो, दोन-तीन इंच पाणी बास. फुलांच्या फ्रीजमध्ये केळी किंवा पिकलेले आंबे ठेवलेत तर कार्नेशन मिटलंच म्हणून समजा, इथिलीन गॅस सोडतात ती फळं. ऑर्किडला 10 डिग्रीच्या खालचा गारठा सोसत नाही, त्यामुळे गुलाबासोबत त्याच फ्रीजमध्ये कोंबू नका. झेंडू ओला आला तर गोणीत ठेवू नका, पंख्याखाली पसरा. मोगऱ्याला ओलं फडकं पुरतं.

कागदपत्रांचं फार टेन्शन नाही, 20 पेक्षा कमी कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन सूचना द्यायची आणि उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) तर फुकट असतं, एजंटला हजार रुपये देऊ नका.