जुन्या रॅक सर्व्हरवर लिनक्स बसवताना डिस्क दिसत नसेल तर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यासाठी जुना रॅक सर्व्हर घेतला आणि इन्स्टॉलरला डिस्कच सापडेना, तर लगेच डिस्क बदलू नका. आधी रेड (RAID) कार्डाच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डाच्या, मेन्यूत जाऊन व्हर्च्युअल डिस्क (त्या डिस्क जोडून कार्ड दाखवतं ती एक डिस्क) तयार आहे का ते पाहा. ती नसेल, तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) असूनही बऱ्याच कार्डांवर काही दिसत नाही.

ती असेल, तर संशय ड्रायव्हरवर. २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मधून अनेक जुन्या कार्डांचा आधार काढला गेला. कंट्रोल-आल्ट-एफ२ दाबून शेल (कमांड टाइप करायचा पडदा) उघडा, जोडलेल्या कार्डांची यादी देणारी 'एलएसपीसीआय -एनएन' (lspci -nn) चालवा आणि रेड कार्डाच्या ओळीतले कंपनीचा व मॉडेलचा असे चार-चार अक्षरी दोन्ही आयडी उतरवून घ्या. कार्डावरच्या स्टिकरपेक्षा हे आयडी खात्रीचे. ईएलरेपो (ELRepo) या रेड हॅटसाठी जादा ड्रायव्हर देणाऱ्या साइटवर त्या आयडीची ड्रायव्हर डिस्क (इन्स्टॉलरला ड्रायव्हर पुरवणारी इमेज) शोधा; ८.६ आवृत्तीसाठीची ८.९ ला चालेल असं गृहीत धरू नका. इमेज दुसऱ्या पेनड्राइव्हवर लिहून दोन्ही लावूनच बूट करा. पुढे कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट करताना ड्रायव्हरचं पॅकेजही जुळतं ठेवा, नाहीतर मशीन पुन्हा अडेल.

व्हर्च्युअल डिस्क २ टीबीहून मोठी असल्यास यूईएफआय (बूट करण्याची नवी पद्धत) आणि जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवण्याची नवी पद्धत) हेच वापरा.

इन्स्टॉलेशन मध्येच बंद पडत असेल, तर झाकण उघडा. पंख्यांत आणि हीटसिंकमध्ये कापसाची तूस बसते. सोलापूरच्या उन्हाळ्यात एवढं कारण पुरतं.