सभासद निम्म्या बायका, पुढारी सगळे पुरुष: युनियनमध्ये या चुका टाळा

आठ मार्चला हळदीकुंकू, बॅनरवर महिला आघाडी आणि कराराच्या टेबलावर झाडून सगळे पुरुष. बहुतेक युनियनमध्ये बिघाड इथल्याच जागी सापडतो.

सभा रात्री आठला. पहिली पाळी साडेतीनला सुटते. मधल्या वेळात बाई घरी जाते, पाणी भरते, स्वयंपाकाला लागते. ती आली नाही की शेरा तयार: "बायकांना रसच नाही." सभा पाळी सुटताच घ्या, दीड तासात संपवा, विषयपत्रिका तीन दिवस आधी द्या. खरे निर्णय सभेनंतर टपरीवर होत असतील, तर वेळ बदलूनही उपयोग नाही. इतिवृत्तात नाही तो निर्णय युनियनचा नाही, असा ठरावच करा.

शोभेचं पद. 'सहचिटणीस (महिला)' म्हणजे पाहुण्यांना गुच्छ देण्याचं काम. बँकेतून पैसे कुणाच्या सहीने निघतात ते बघा, सत्ता तिथे असते. खजिनदार आणि सरचिटणीस यांपैकी एक पद महिलेकडे, अशी घटनादुरुस्ती सर्वसाधारण सभेत करून घ्या आणि कामगार संघटनांच्या निबंधकांना कळवा. हे टाळलं तर बायका वेगळी वाट धरतात. 2015 मध्ये केरळातल्या मुन्नारच्या चहामळ्यांतल्या बायकांनी प्रस्थापित युनियनच्या पुढाऱ्यांना लांब ठेवून संप केला आणि 'पोम्बिळै ओरुमै' (बायकांची एकजूट) ही स्वतःची संघटना उभी केली.

वाटाघाटीत एकटी बाई. एकटीला बसवलं की टिपणं घेण्याचं काम तिच्या गळ्यात पडतं. तक्रार निवारण समितीत महिलांचं प्रमाण एकूण कामगारांतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कमी नसावं, असं औद्योगिक संबंध संहिता सांगते. 200 कामगारांत 80 महिला असतील तर दहाजणांच्या समितीत चार. वाटाघाटी समितीलाही हाच हिशेब लावा. आणि त्यांच्याकडे फक्त शौचालयाचा मुद्दा देऊ नका, बोनस द्या. त्याआधी मागचा करार आणि कंपनीचे तीन वर्षांचे ताळेबंद सोबत बसून वाचा, एकदोनदा रंगीत तालीम घ्या.

पाळणाघर मागणीपत्रात. सतराव्या क्रमांकावरची ही मागणी मध्यरात्रीच्या घासाघिशीत पहिली गळते. मुळात 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर देणं मालकावर बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. जे कायद्यानेच मिळतं त्याची मागणी कशाला? लेखी तक्रार करा.

"आपसात मिटवू." लैंगिक छळाची तक्रार आली आणि आरोपी आपलाच सभासद निघाला, की सगळ्यात मोठी चूक इथे होते. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, कंपनीतल्या अंतर्गत समितीने (अशा तक्रारींची चौकशी करणारी) लेखी कारण देऊन वाढवली तर आणखी तीन. समजुतीच्या बैठकांत ती सहज निघून जाते. तक्रार त्याच आठवड्यात अंतर्गत समितीकडे द्यायला लावा. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. आरोपीच्या मदतीला जो पदाधिकारी असेल, त्याला तक्रारदार बाईकडे पाठवू नका.