कार्ड आहे, पण नाव कुठंय? मतदार नोंदणीत नाशिककर करतात त्या चुका

१५ जानेवारी २०२६. महापालिकेचं मतदान. सिडकोत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सुट्टीचा दिवस म्हणून शटर अर्धं खाली होतं. साडेतीनच्या सुमाराला एक काका वाकून आत आले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं मतदार कार्ड काउंटरवर ठेवून म्हणाले, "हे बघ, कार्ड आहे ना माझं? मग नाव नाही असं कसं म्हणतात?"

कार्डावरचा नंबर टाकून शोधलं. नाव होतं, पण पंचवटीत. आठ वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर. मी म्हटलं, काका, रिक्षा करा, साडेपाचला संपतंय. ते पुटपुटत गेले.

दर निवडणुकीला दुकानात हेच चित्र असतं. माणसं बदलतात, चूक तीच. मतदार कार्ड म्हणजे फक्त ओळखपत्र. मत देता येतं ते यादीत नाव असलं तर. कार्ड हरवलं तरी आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक अशा दुसऱ्या कागदावर लोकसभा-विधानसभेला मत देता येतं. यादीत नाव नसेल तर चकचकीत नवं कार्डही कामाचं नाही. लोक मात्र कार्ड लॅमिनेट करून घेतात आणि यादी पाच-पाच वर्षं उघडून बघत नाहीत.

आधी शोधा, मग फॉर्म

नाव शोधायला निवडणूक आयोगाचं मतदार सेवा पोर्टल आहे, पत्ता व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन. ऑनलाइनचा कंटाळा असेल तर १९५० वर फोन लावा. कार्डावरच्या नंबरने शोधणं सगळ्यांत खात्रीचं. नावाने शोधलं की घोळ होतो. 'संगीता' कुठे 'संगिता' असते, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव असतं, आडनाव आधी की नंतर याचा भरवसा नसतो. एकदा "सापडलं नाही" आलं म्हणून नाव उडालं असं समजू नका. स्पेलिंग बदलून, माहेरचं आडनाव टाकून, जुन्या पत्त्याचा मतदारसंघ निवडून पुन्हा बघा. माझ्याकडे "नाव कटलं" म्हणून आलेल्या कितीतरी ताईंची नावं माहेरच्या गावी सुखरूप निघाली आहेत.

न शोधता नवा फॉर्म भरणं ही यातली सगळ्यांत महागडी चूक.

सहा नंबर की आठ नंबर?

सहा नंबरचा फॉर्म आयुष्यात पहिल्यांदा नाव घालायचं असेल त्याच्यासाठी. घर बदललं, नाव किंवा वय चुकलं, कार्ड हरवलं, फोटो बदलायचा, दिव्यांग असल्याची नोंद करायची, या सगळ्यासाठी आठ नंबर. ऑगस्ट २०२२ पासून दुसऱ्या मतदारसंघात राहायला गेलात तरी आठच. त्याआधी मतदारसंघ बदलला की सहा आणि त्याच मतदारसंघात घर बदललं की 'आठ अ' असा प्रकार होता. ते डोक्यात पक्कं बसलेले लोक आजही "साहेब, सहा नंबर द्या" म्हणत येतात. शेजारच्याने सांगितलेलं असतं.

आठ नंबर भरला की नाव जुन्या यादीतून निघून नव्या यादीत येतं आणि कार्डाचा नंबर तोच राहतो. सहा भरला की जुनं तिकडे तसंच राहतं आणि इकडे दुसरं उगवतं. झाला दुबार मतदार. सहा नंबरच्या फॉर्मात "माझं नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही" अशा मजकुराखाली आपली सही असते. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बहुतेकांनी ते वाचलेलंच नसतं, ओटीपी टाकून मोकळे होतात.

मनपाच्या निवडणुकीत दुबार शक्यता असलेल्या नावांपुढे यादीत दोन तारे छापले होते. तशा मतदाराने कुठल्या केंद्रावर मत देणार ते आधी सांगायचं होतं. न सांगता केंद्रावर आला, तर दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणार नाही असं हमीपत्र. मागे रांग, पुढे हमीपत्र. गावाकडे एक आणि इथे एक असं नाव मुद्दाम ठेवणारेही आहेत, "गावच्या ग्रामपंचायतीला एक मत लागतं" म्हणून. ते कायद्यात बसत नाही. गाव की नाशिक, एक ठरवा.

भाडेकरू, हॉस्टेल आणि पत्त्याचा कागद

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेली मुलं हमखास विचारतात, घर माझं नाही तर नाव कसं लागेल? घराची मालकी लागत नाही, तिथे राहत असल्याचा पुरावा लागतो. अडतं ते करारनाम्यावर. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद लोक अपलोड करतात, फॉर्मच्या यादीत मात्र नोंदणीकृत भाडेकरार आहे. त्यापेक्षा सोपं म्हणजे बँकेच्या किंवा पोस्टाच्या चालू पासबुकावर आताचा पत्ता करून घेणं. आधारवरचा पत्ता आताचा असेल तर तेही चालतं. वीज, पाणी किंवा गॅसचं बिल आई-वडिलांच्या नावावर असलं तरी चालतं. घरमालकाच्या नावाचं बिल जोडणाऱ्यांचा अर्ज मात्र अडकतो. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना गावी किंवा इथे, कुठेही एका ठिकाणी नाव ठेवता येतं. इथे ठेवायचं असेल तर कॉलेजच्या प्रमुखाचं पत्र लागतं.

पत्ता लिहिताना आणखी एक गंमत. सिडकोतल्या घराचा पत्ता म्हणजे अक्षरं, आकडे आणि तिरक्या रेघा. तो कंटाळवाणा म्हणून लोक "त्रिमूर्ती चौकाजवळ" एवढंच टाकतात. पडताळणीला येणाऱ्या बाईंनी चौकाजवळ कुणाकुणाला विचारायचं?

वयाच्या पुराव्यात शाळा सोडल्याचा दाखला आणणारे खूप. फॉर्मने सांगितलेल्या कागदांत जन्म दाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट आणि जन्मतारीख असलेलं दहावी-बारावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र आहे. यातलं एक जोडा, दाखल्यावर वेळ घालवू नका.

"अजून अठरा पूर्ण नाहीत"

पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असले तरच त्या वर्षी नाव लागायचं. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. सतरा पूर्ण झालं की आगाऊ अर्जही करता येतो. बारावीच्या मुलांना हे कुणी सांगत नाही, पण पोरांकडे वेळ असतो तो तेव्हाच.

फॉर्म टाकला आणि विसरला

अर्ज पाठवला की संदर्भ क्रमांक येतो. त्याचा स्क्रीनशॉट कुणी काढत नाही. पुढे बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, घरी पडताळणीला येतात. बहुतेक वेळा त्या शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात, स्वतःचं काम सांभाळून फिरतात. घरातले दोघंही पहिल्या शिफ्टला गेलेले असतील तर त्यांना कुलूप दिसतं. शेजारी "इथे असे कुणी राहत नाहीत" सांगून मोकळे. शेजाऱ्यांना तुमचं नाव तरी कुठे माहीत असतं? अर्ज केल्यावर शेजारी आणि वॉचमनला सांगून ठेवा, फॉर्मात चालू मोबाइल नंबर टाका आणि आठवड्याने एकदा स्थिती बघा. फोटोसुद्धा नीट टाका. लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला, शेजारच्या वहिनींचा खांदा दिसणारा फोटो मी स्वतः तीनदा परत पाठवलेला पाहिला आहे.

अर्ज नामंजूर झालाच तर कारण वाचा. चूक त्यांची वाटत असेल तर नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. आपण मात्र नाक्यावर चहा पिताना अपील करतो.

तारखेचा हिशोबही इथेच चुकतो. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद. अर्जांवर हरकती घ्यायला सात दिवस द्यावे लागतात, म्हणून त्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेल्या अर्जांचाच विचार होतो. आचारसंहितेची बातमी आली की दुकानात गर्दी होते. त्यातल्या निम्म्यांना तेव्हा उशीर झालेला असतो.

नाशिकचा आपला घोळ: पूर्व, पश्चिम, मध्य

बाहेरगावच्या माणसाला हे कळणार नाही. महापालिकेचे सहा विभाग: पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नाशिकरोड, सातपूर आणि सिडको. विधानसभेला शहरात नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम, शिवाय देवळाली. नावं सारखी, हद्दी वेगळ्या. सिडको आणि सातपूर विधानसभेला नाशिक पश्चिममध्ये येतात, पण मनपाचा पश्चिम विभाग सिडकोत नाही. पंचवटी विधानसभेला नाशिक पूर्वमध्ये, मनपात तिचा वेगळा विभाग. घरपट्टीच्या पावतीवर "पश्चिम विभाग" वाचून फॉर्मात विधानसभा "नाशिक पश्चिम" निवडली की अर्ज भलत्याच ऑफिसात जाऊन बसतो. घरपट्टी बघू नका, इमारतीतल्या जुन्या मतदाराच्या कार्डावरचा मतदारसंघ बघा. देवळाली कॅम्पवाल्यांची आणखी वेगळी तऱ्हा. विधानसभेला ते देवळालीत मत देतात, पण छावणी मनपाच्या हद्दीत नाही, त्यामुळे नगरसेवक निवडायला त्यांना बोलावणं नसतं.

मनपाची निवडणूक घेतो राज्य निवडणूक आयोग. त्याची वेगळी नोंदणी नसते, विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. यावेळी १ जुलै २०२५ची यादी धरली होती. त्यानंतर नाव लागलेल्यांना कार्ड मिळालं, मनपाचं मत मात्र मिळालं नाही. प्रारूप यादी लागते तेव्हा नाव भलत्या प्रभागात गेलं असेल तर हरकत घेऊन दुरुस्त होतं. विधानसभेच्या यादीतच नाव नसेल तर तिथे नव्याने घालता येत नाही. आणि विधानसभेला ज्या शाळेत मत दिलं, मनपाला तीच शाळा असेल असं मुळीच नाही.

आत गेल्यावरचा गोंधळ वेगळाच. १२२ जागा, ३१ प्रभाग, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. म्हणजे अ, ब, क, ड अशी चार मतं. एक बटण दाबून वळणारे पुष्कळ होते. चारही मतं पडल्याशिवाय शेवटची लांब शिट्टी वाजत नाही. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचा नोटा दाबायचा. चिठ्ठी दिसणारं व्हीव्हीपॅट मशीन या निवडणुकीत नव्हतं. "माझी चिठ्ठी दिसली नाही" म्हणून वाद घालणाऱ्या एका दादांना केंद्रावर समजावून थकले. वेळही वेगळी. विधानसभेला २० नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी ७ ते संध्याकाळी ६ होती, मनपाला साडेसात ते साडेपाच. पावणेसहाला आलेल्यांना गेट बंद दिसलं. बंद व्हायच्या वेळी आवारातल्या रांगेत असाल तर मात्र मत देता येतं, कुणी हाकललं तर हलू नका.

पदवीधरांची यादी दर वेळी कोरी

नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघात नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव, नंदुरबार हे पाच जिल्हे. मागची निवडणूक ३० जानेवारी २०२३ला झाली. "मागच्या वेळी नाव होतं" याला इथे काही किंमत नाही, कारण ही यादी प्रत्येक निवडणुकीआधी नव्याने तयार होते. १८ नंबरचा फॉर्म पुन्हा भरावा लागतो, शिक्षक मतदारसंघासाठी १९ नंबरचा. १ नोव्हेंबरच्या आधी पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली हवीत. इथे मतपत्रिका असते आणि तिथे दिलेल्याच पेनाने १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. बरोबरची खूण, सही किंवा स्वतःचं पेन वापरून शिकलेसवरले लोक आपलं मत बाद करून घेतात.

मतदानाच्या दिवशी

मूळ कागद न्या. मोबाइलमधला आधारचा फोटो चालत नाही, मोबाइलच आत नेता येत नाही. यादीतला भाग आणि अनुक्रमांक कागदावर लिहून घ्या. मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखपत्र म्हणून चालत नाही आणि रेशन कार्ड आयोगाच्या यादीत नाही. नावात काना-मात्रा चुकली म्हणून परत फिरू नका, ओळख पटत असेल तर अशा चुकांवरून अडवत नाहीत. ८५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांग असलेल्यांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं. त्यासाठी '१२ ड' फॉर्म अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो, आणि लोक तो मतदानाच्या आदल्या दिवशी विचारायला येतात.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर आरडाओरडा करून घरी येऊ नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा. ओळख पटली की ते मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर देता येतं आणि वेगळ्या पाकिटात जातं. हा शब्द पाठ असलेला एकही गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही.

ते पिशवीवाले काका फेब्रुवारीत पुन्हा आले. त्या दिवशी पंचवटीत पोचले होते, पण केंद्र शोधेपर्यंत साडेपाच वाजून गेले. आठ नंबरचा फॉर्म भरला, सिडकोतला पत्ता आकडे-रेघांसकट टाकला, शेजारच्या वहिनींचा मोबाइल नंबर लिहून घ्यायला लावला. संदर्भ क्रमांक मी त्यांच्या त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीवर मार्करने लिहून दिला. पाच मिनिटांनी दारातून परत आले, "आणि हिचं? तिचं नाव तर अजून येवल्यालाच असेल."