दारू सोडायची आहे: स्वमदत गटाची मीटिंग कशी शोधावी आणि तिथे कसे बसावे

मीटिंगला जायचे ठरवल्यापासून प्रत्यक्ष दारात पाऊल पडेपर्यंत अनेकांचे आठवडे जातात आणि त्याचे कारण पत्ता मिळत नाही हे क्वचितच असते. अल्कोहोलिक्स अनॉनिमस हे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचे जाळे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘एए’, १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झाले आणि आज जगातील बहुसंख्य देशांत त्याचे गट चालतात. संस्थेचे संकेतस्थळ, ‘मीटिंग गाइड’ हे अ‍ॅप, सदस्यच चालवत असलेली हेल्पलाइन, व्यसनमुक्ती केंद्र किंवा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग यांपैकी कुठेही चौकशी केली तरी वेळ आणि जागा कळते. तरीही निघण्यापूर्वी एकदा फोन करून खात्री करून घ्यावी. जागा बदललेली असते, यादी मात्र जुनीच राहते, आणि मोठ्या धीराने गेलेल्या माणसाला कुलूप दिसले तर तो पुन्हा लवकर जात नाही.

फोनवरच मीटिंग खुली आहे की बंद, हे विचारून घ्यावे. खुल्या मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, कोणीही बसू शकते. बंद मीटिंग फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट आहे. फी नाही, फॉर्म नाही. ‘आपण खरोखर मद्यपी आहोत का’ हा प्रश्न सोडवूनच जायला हवे असे मुळीच नाही.

जी व्यक्ती रोज आणि भरपूर पीत असेल तिने मात्र मीटिंगच्या भरवशावर दारू एकदम बंद करू नये. शेवटच्या पेल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्यानंतर भ्रम, प्रचंड थरथर, ताप अशी जीवघेणी अवस्थाही ओढवू शकते. आधी डॉक्टरांना भेटावे. गट हा उपचाराला पर्याय नसून त्याच्या जोडीने चालणारा आधार आहे.

पहिल्या दिवशी दहा मिनिटे आधी पोहोचावे, कारण उशिरा आत शिरताना सगळ्यांच्या नजरा आपल्यावर खिळल्यासारख्या वाटतात. मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. सुरुवातीला काही मजकूर वाचला जातो, मग एकेक जण फक्त पहिले नाव सांगून आपला अनुभव सांगतो, ज्याला सगळे ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्येच कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. तुमची पाळी आली की ‘आज फक्त ऐकायला आलो आहे’ एवढे वाक्य पुरते, आणि ते कोणालाही खटकत नाही. वर्गणीची पिशवी फिरत आली तर ती तशीच पुढे सरकवावी. गट सदस्यांच्या वर्गणीवर चालतो, पण नवख्याकडून कोणी अपेक्षा ठेवत नाही. त्या दिवशी घेतलेली असली तरी जावे, मात्र गप्प बसून ऐकावे.

ऑनलाइन मीटिंगला बसण्यापूर्वी पडद्यावरचे आपले नाव तपासावे, कारण फोनमध्ये साठवलेले पूर्ण नाव आडनावासकट तिथे आपोआप झळकू शकते. गोपनीयतेचा संकेत सदस्य मनापासून पाळतात, पण तो संकेत आहे, कायदा नव्हे. त्यामुळे कोर्टकचेरीशी संबंधित गोष्टी वकिलाशीच बोलाव्यात.

बारा पायऱ्या म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी एएने आखलेला टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम. त्यातला ईश्वराचा उल्लेख अनेकांना अडतो. ही अडचण खोटी नाही, पण तेवढ्यावरून पहिल्याच दिवशी पाठ फिरवणे घाईचे ठरते, कारण प्रत्येक गटाचा सूर वेगळा असतो. निदान पाच-सहा मीटिंगांना, शक्यतो वेगवेगळ्या गटांत, बसून पाहावे. तरीही मन रमले नाही तर १९९४ साली सुरू झालेली ‘स्मार्ट रिकव्हरी’ आहे, जिथे अध्यात्माऐवजी विचार आणि वर्तन बदलण्याच्या तंत्रांवर भर असतो आणि प्रशिक्षित व्यक्ती चर्चा चालवते. घरच्यांसाठी १९५१ पासून ‘अल-अनॉन’ वेगळे चालते. पिणारा जायला तयार नसला तरी त्यांनी तिथे जावे.

नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग करण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो नियम नाही, पण सुरुवातीच्या रिकाम्या संध्याकाळी कशाने तरी भराव्या लागतात, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान आहे. स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांतून पुढे नेणारा जुना सदस्य, निवडताना मात्र घाई करू नये. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याचे ऐकू नये, कारण सदस्यांनी डॉक्टर होऊ नये ही एएचीच भूमिका आहे. नवख्यांशी प्रेमाची किंवा शारीरिक जवळीक साधू पाहण्याला गटांत उपहासाने ‘तेरावी पायरी’ म्हणतात. असा अनुभव आला तर गट बदलावा.

माझ्या मते मीटिंगचा सर्वांत उपयोगी भाग ती संपल्यानंतरचा असतो. खुर्च्या उचलल्या जात असतात, दोघे-तिघे दाराशी रेंगाळत असतात, त्या वेळी निघून न जाता एक-दोन फोन नंबर मागून घ्यावेत आणि घरी पोहोचताच त्यांपैकी एकाला ‘पोहोचलो’ एवढे सांगायला फोन करावा. तल्लफ उसळलेल्या रात्री ज्याच्याशी कधीच बोललेलो नाही तो नंबर लावायला बोट धजत नाही. एकदा बोलणे झालेले असले की लागतो.