क्लबच्या टेबलावर पहिली फ्लाय: वूली बगर कशी बांधावी

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ट्राउट माशाच्या नद्या पुष्कळ आहेत आणि तिथले स्थानिक फ्लाय-फिशिंग क्लब हिवाळ्यातल्या संध्याकाळी एका लांब टेबलाभोवती जमून पुढच्या हंगामाच्या फ्लाय, म्हणजे गळाच्या आकड्यावर पिसे आणि दोरा बांधून केलेली खोटी आमिषे, बांधतात. ज्याला ही कला शिकायची आहे त्याने महागडे साहित्य विकत घेण्यापूर्वी अशा टेबलावर जाऊन बसावे. शेगडा (आकडा घट्ट धरून ठेवणारे साधन), बॉबिन (दोऱ्याची रिळे धरणारे साधन) आणि कात्री बहुधा तिथे उसनी मिळते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे शेजारी बसलेला जुना सभासद आपली चूक दोऱ्याचा पुढचा वेढा पडण्याआधीच दाखवून देतो. चित्रफितीत बांधणाऱ्याचा हात दिसतो, पण त्याने दोरा किती ताणला आहे ते कळत नाही.

पहिली फ्लाय म्हणून मी वूली बगरच सुचवतो. ती याच राज्यातल्या रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ साली स्मॉलमाउथ बास या माशासाठी घडवली. त्यांच्या डोळ्यांसमोर हेलग्रमाइट ही पाण्यातली मोठी अळी होती, परंतु ओढताना ही फ्लाय कधी जळवेसारखी तर कधी लहान माशासारखी दिसते, त्यामुळे ट्राउटही तिच्यावर झेप घेतो. आकाराने मोठी असल्याने नवशिक्याच्या बोटांना ती सोपी जाते.

साहित्य थोडेच लागते: लांब दांड्याचा ८ क्रमांकाचा गळाचा आकडा, काळा दोरा, शिशाऐवजी वापरतात ती वजनाची तार, शेपटीसाठी माराबू म्हणजे टर्कीची मऊ पिसे, अंगासाठी ऑलिव्ह रंगाची शनीलची (मखमलीसारखी लवदार) दोरी, कोंबड्याचे एक लांब पीस आणि तांब्याची बारीक तार. कोंबड्याच्या पिसाला इथे हॅकल म्हणतात. जुन्या सभासदांच्या डब्यांत भारतातून आलेल्या कोंबड्यांची पिसे हमखास सापडतात आणि त्यांना ते ‘इंडियन केप’ (केप म्हणजे मानेची पिसांसकट कातडी) या नावानेच ओळखतात. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायसाठी आता खास पैदाशीच्या कोंबड्यांची ताठ पिसे वापरली जातात, पण बुडणाऱ्या वूली बगरला मऊ आणि स्वस्त पीसच अधिक शोभते.

आकड्याचा उलटा काटा प्रथम पकडीने दाबून सपाट करावा, म्हणजे मासा इजा न होता सोडता येतो आणि आपल्या बोटात आकडा घुसला तरी तो सहज निघतो. मग दांडा आडवा राहील असा आकडा शेगड्यात धरावा. दांड्याच्या मध्यभागी वजनाच्या तारेचे दहा-बारा वेढे द्यावेत आणि त्यांच्या दोन्ही टोकांना दोऱ्याने उतार करावा. माराबूचे पीस पाण्याने ओले करून दांड्याच्या लांबीएवढे मोजावे आणि जिथे दांडा वळू लागतो तिथे बांधावे. शेपटी लांब झालीच तर कात्री लावू नये, टोके बोटांनी खुडावीत, कारण कापलेली शेपटी पाण्यात बोथट दिसते आणि तिची हालचाल मरते.

त्याच जागी तांब्याची तार, हॅकलचे शेंड्याकडचे टोक आणि शनील या क्रमाने बांधून दोरा पुढे न्यावा. शनीलचे वेढे एकमेकांना चिकटून द्यावेत, मात्र आकड्याच्या डोळ्याच्या, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाच्या, मागे डोळ्याच्या दुप्पट जागा मोकळी सोडून थांबावे. ही मोकळी जागा हाच या सगळ्या कामाचा गाभा आहे. जवळजवळ प्रत्येक नवशिका तिथपर्यंत शनील आणतो, मग डोके बांधायला जागा उरत नाही, डोळा दोऱ्याने बुजतो आणि नदीवर गार पडलेल्या बोटांनी त्यातून लीडर, म्हणजे मुख्य दोरीच्या टोकाचा बारीक पारदर्शक धागा, ओवता येत नाही. त्यानंतर हॅकलचे पाच-सहा विरळ वेढे पुढे आणावेत आणि तांब्याची तार उलट दिशेने, पिसाचे तंतू दबू नयेत म्हणून किंचित हलवत, त्यांच्यावरून न्यावी. तार नसेल तर माशाच्या दातांनी पिसाचा कणा तुटला की सगळे हॅकल उलगडते. शेवटी दोऱ्याचे लहान डोके करून व्हिप फिनिशची गाठ (दोऱ्याचे टोक त्याच्याच वेढ्यांखाली अडकवणारी शेवटची गाठ) मारावी आणि वार्निशचा एक थेंब लावावा.

एका बैठकीत पाच वेगळ्या फ्लाय बांधण्यापेक्षा हीच फ्लाय पाच वेळा बांधावी आणि पाचही एका ओळीत ठेवून शेपटी व डोके यांची मापे ताडून पाहावीत.

पेनसिल्व्हेनियात सोळा वर्षे व त्यावरील व्यक्तीला मासेमारीचा परवाना आणि ट्राउटसाठी वेगळे परवानापत्र लागते. ५ क्रमांकाचा रॉड (मासेमारीची काठी) आणि सुमारे ९ फुटांचा ३एक्स जाडीचा लीडर या फ्लायला पुरतो. फ्लाय प्रवाहाला आडवी, किंचित खालच्या बाजूस टाकावी, दोरी ताणलेली ठेवून ती कमानीसारखी काठाकडे येऊ द्यावी आणि सरळ खाली आल्यावर क्षणभर तशीच राहू देऊन मग थोडथोडी ओढावी. पुष्कळदा मासा याच थांबलेल्या क्षणी लागतो.

माशांनी चावून विस्कटलेली फ्लाय टाकून देऊ नये. ती वाळवून पुढच्या बैठकीला न्यावी, म्हणजे कोणता वेढा सैल होता आणि तार कुठे निसटली हे टेबलावरचे जाणते सभासद ती हातात घेऊन सांगू शकतात.