नेपाळला माल पाठवताय? आधी आमसुलाचं नाव ठरवा

मागच्या मे महिन्यात आमच्या बचत गटाचा नेपाळला चाललेला पहिलावहिला माल बिहारमधल्या रक्सौल बॉर्डरवर अकरा दिवस पडून राहिला. पेपर कमी नव्हते, सगळे होते, फक्त एकाच मालाला चार पेपरांवर चार नावं होती. इनव्हॉइसवर ‘ड्राय कोकम’, पॅकिंग लिस्टवर ‘आमसूल’ कारण ती गटातल्या पोरीने बनवली, फायटोवर (मालाला कीड-रोग नाही याचा सरकारी दाखला) ‘गार्सिनिया इंडिका’ कारण तिथे शास्त्रीय नाव लागतं, आणि पाकिटावर छापलेलं ‘मालवणी सोलं’. आपल्याला माहितीय हे सगळं एकच. पण बॉर्डरवरच्या माणसाने जन्मात सोलकढी प्यायलेली नाही, त्याच्या हिशोबाने गाडीत एक माल आणि कागद दुसऱ्याच तीन मालांचे. मे महिना, पत्र्याची शेड, आमसुलात मीठ, त्याला पाणी सुटलं, पाकिटांच्या तळाला लाल रस जमला आणि खोके खालून जांभळे होऊन फुगले. फोटो सासूबाईंना दाखवले तर त्या एवढंच म्हणाल्या, "गो, आमसुलाक आमसूल लिवक काय झाला हुता?"

तर ही तयारीची यादी, मुख्यतः पुढच्या वेळी माझ्यासाठीच, पण कुडाळ-वेंगुर्ल्याकडून दोघीतिघींनी विचारलं म्हणून इथे लिहितेय.

आधी काय पाठवायचं ते ठरवा, आणि इथे भावनेत वाहू नका. आम्हाला वाटलं होतं कोकम खपेल. नेपाळात आंबटाला त्यांची लप्सी (हे तिथलं एक फळ) आहे, घराघरात आहे, स्वस्त आहे, तुमचं आमसूल कोण कशाला घेईल? (श्रीलंकेचाही विचार केला होता, समुद्र दारात आहे म्हणून, तर तिथे गोरका, म्हणजे आपल्या कोकमाचीच चुलत बहीण.) काठमांडूच्या असन बाजारातल्या व्यापाऱ्याने आमच्याकडून खरा रस दाखवला तो काजूगरात. दसैं आणि तिहार, म्हणजे आपला दसरा-दिवाळी, तेव्हा तिथे सुका मेवा उचलला जातो. आमसूल, आंबापोळी वगैरे थोडं सॅम्पल म्हणून ठेवा, पण पोट काजूवर भरा. आगळ (कोकमाचा रस) पहिल्या वेळी पाठवूच नका. एक बाटली गळली की शेजारचे पाच खोके गेले.

लायसन्सं पटापट सांगते. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, डीजीएफटीच्या (परदेशी व्यापाराचं सरकारी खातं) साइटवर, फी ५०० रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जून मध्ये आत जाऊन अपडेट करायचं, काही बदल नसला तरी, नाहीतर बंद पडतं. एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेचं खातं) साधं रजिस्ट्रेशन आहे म्हणून निवांत बसू नका, एक्स्पोर्टर म्हणून सेंट्रल लायसन्स लागतं. बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे ज्या बँकेतून येणार तिचा नंबर), आणि तो ज्या बॉर्डरवरून माल जाणार तिथे रजिस्टर झालाय ना ते तपासा. जीएसटीचं एलयूटी, म्हणजे टॅक्स न भरता माल बाहेर पाठवण्यासाठीचं हमीपत्र. हे दर ३१ मार्चला संपतं आणि आपला सीझन नेमका एप्रिल-मेमध्ये, तेव्हा एक तारखेला सकाळी चहाच्या आधी नवीन भरा, फुकट आहे, फक्त दोन साक्षीदारांची नावं पत्ते लागतात. नाही भरलं तर टॅक्स आधी भरा आणि मग रिफंडची वाट बघत बसा.

आता नाव. पेपर बनवायला बसण्याआधी एका कोऱ्या कागदावर प्रत्येक मालाचं एकच इंग्रजी नाव, त्याच्या शेजारी शास्त्रीय नाव, त्याच्या शेजारी एचएस कोड (कस्टमचा मालाच्या प्रकाराचा नंबर), असं लिहा आणि तो कागद भिंतीला चिकटवा. मग जो जो पेपर बनेल, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ एक्स्पोर्ट (कस्टमला द्यायचा निर्यातीचा अर्ज, समुद्राने गेलं तर शिपिंग बिल, रस्त्याने बॉर्डरवर त्याचं हे नाव), फायटो, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशातला त्याचा दाखला), आणि पाकिटावरचं लेबल, त्या सगळ्यांवर भिंतीवरचंच नाव, अक्षरन् अक्षर तेच. आता आम्ही सगळीकडे एकच ओळ टाकतो, ड्राइड कोकम रिंड आणि पुढे गार्सिनिया इंडिका. पाकिटावर ‘मालवणी सोलं’ मोठ्या अक्षरात ठेवायचंय, ठेवा, गिऱ्हाईकाला आवडतं, पण खाली बारीक अक्षरात तीच ओळ पाहिजे.

आणि हे फक्त कोकमाचं नाही. काजूचं बघा. आपण बोलताना नुसतं काजू म्हणतो, बी पण काजू, गर पण काजू. कस्टमला सालीसकट आणि सोललेला हे दोन वेगळे माल आहेत, सोललेल्याचा कोड ०८०१३२ ने सुरू होतो, सालीसकटचा ०८०१३१ ने. नुसतं ‘काजू’ लिहिलेलं बघून एजंटने चुकून दुसरा कोड टाकला की झालं, परत अकरा दिवस. ग्रेडपण लिहा, डब्ल्यू २४० की ३२० (एका पौंडात साधारण तेवढे गर बसतात), पाकळी असेल तर पाकळी. व्यापारी ग्रेड बघतो, कस्टम नाव बघतं, तुम्ही दोन्ही बघा.

फायटोवर अजून एक. नेपाळातल्या खरेदीदाराने त्यांच्या प्लांट क्वारंटाइनकडून (बाहेरून येणाऱ्या शेतमालाची कीड-रोग तपासणी करणारं खातं) इम्पोर्ट परमिट आधी काढायचं असतं, माल निघायच्या आधी, आणि त्या परमिटवरच्या अटी आपल्या फायटोवर उतरवाव्या लागतात. म्हणजे क्रम असा, त्याचं परमिट, मग आपलं फायटो, मग गाडी. आम्ही गाडीपासून सुरुवात केली होती. त्याच्या परमिटवर मालाचं नाव काय लिहिलंय ते पण फोटो मागवून वाचा!! तो ‘ड्राय फ्रूट’ लिहून मोकळा झाला असेल तर तुमचे पाच पेपर जुळून काय उपयोग, सहावा त्याच्या हातात आहे. फायटो चुकलं तर बॉर्डरवर पेनाने दुरुस्त होत नाही, जिथून काढलं तिथूनच परत काढावं लागतं, आणि तुम्ही वेंगुर्ल्यात, गाडी बिहारमध्ये.

पॅकिंगचं. काजूगर टिनमध्ये किंवा व्हॅक्यूम पाऊचमध्ये, बाजारात ११.३४ किलोचं माप चालतं, म्हणजे २५ पौंड, आपलं १० किलोचं पण चालतं पण आधी विचारा. ओलावा ५ टक्क्यांच्या खाली. हे कोकणात एप्रिल-मेमध्येच जमतं, मृग लागला की हवाच ओली, गर मऊ पडतो आणि मग कितीही भाजा. आमसूल पूर्ण कोरडं, हाताला चिकटता कामा नये, आणि दुहेरी पिशवी. लेबलवर बॅच नंबर, उत्पादन तारीख, शेवटची तारीख, इंग्रजीत. तारखांवरून आठवलं, त्यांच्याकडे विक्रम संवत चालतं, खरेदीदाराच्या कागदावर २०८२ वगैरे दिसलं की घाबरू नका, आमच्या पोरीला वाटलं टायपिंग मिस्टेक आहे आणि ती "दुरुस्त" करायला निघाली होती.

कॅलेंडर नीट लावा. दसैंला तिकडे सरकारी कामकाज बरेच दिवस थंड असतं, आणि व्यापाऱ्याला माल त्याच्या आधी दीड-दोन महिने हवा असतो. म्हणजे आपल्याकडे ऐन श्रावण-भाद्रपद. त्यात घाटात दरड आली की रस्ता बंद, आणि गणपतीत तर विचारूच नका, घरात पन्नास माणसं, युनिटला कुलूप, कोण पॅकिंगला बसणार. म्हणून माल मे अखेरपर्यंत पॅक करून ठेवायचा, हवाबंद, आणि जुलैत काढायचा. त्यांचं बजेट जेठ १५ ला येतं, म्हणजे मे संपता संपता, आणि आर्थिक वर्ष साउन १ ला, जुलैच्या मध्यात सुरू होतं, त्यात शुल्कं बदलू शकतात, तेव्हा एप्रिलमधला भाव जुलैत जसाच्या तसा धरू नका. भारत-नेपाळ व्यापार करारात शेतमालाला सीमाशुल्कात सूट आहे हे खरं, पण कृषी सुधार शुल्क म्हणून वेगळं काहीतरी लागतं, आणि प्रक्रिया केलेल्या मालाला १३ टक्के व्हॅट. खरेदीदाराला त्याच्या दुकानात माल कितीला पडतो ते त्याच्याकडूनच काढून घ्या.

सॅम्पल लॅबमधून टेस्ट करून रिपोर्ट फाइलला लावा. २०१९ च्या जून-जुलैत नेपाळने आपल्या भाज्या-फळांना बॉर्डरवर कीटकनाशकांची तपासणी सक्तीची केली होती, गाड्या खोळंबल्या, थोड्याच दिवसांत निर्णय मागे घेतला. तसं परत कधीही होऊ शकतं. रिपोर्टवर मालाचं नाव काय असणार? हो, तेच, भिंतीवरचं.

ट्रान्सपोर्ट: कोल्हापूरहून पार्सलवाला रक्सौलपर्यंत नेतो, तिथे आपला एजंट, पलीकडे बिरगंजला खरेदीदाराचा एजंट. दोघांचे नंबर एकमेकांकडे आहेत ना बघा. भाडं आधी ठरवा, थांबल्यास दिवसाचं किती तेही. इन्शुरन्स घ्या.

पैसे भारतीय रुपयांत मागा, चालतं. आपल्या एका रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा भाव बांधलेला आहे १९९३ पासून, त्यामुळे डॉलरसारखी धाकधूक नाही. पहिल्या वेळी निम्मे ॲडव्हान्स, ओळख कितीही असो.

गाडी सुटायच्या आदल्या दिवशी सगळे पेपर, त्याच्या परमिटसकट, एका टेबलावर मांडा, एकीने भिंतीवरचा कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसरीने प्रत्येक पेपरवर बोट ठेवत जायचं. आम्ही सासूबाईंना वाचायला बसवतो, त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून त्या एकेक अक्षर सुटं वाचतात, आणि म्हणूनच त्यांना चूक सापडते. परवा ‘कोकम’च्या स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी यू आणि एका ठिकाणी ए त्यांनीच पकडला. नवीन फायटो सोमवारी मिळेल, तोवर गाडी थांबवलीय.